पाय दाबला, पण गाडी निघाली नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. एसटीत तीस वर्षे चालक होतो, २०२० मध्ये निवृत्त झालो. आता घरची शेती पाहतो आणि एक डिझेल कार आहे. रात्री-बेरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे म्हटले की लोक माझ्याच दारात येतात, त्यामुळे गाडी जेवढी माझी तेवढीच गावाची.

गेल्या दिवाळीनंतर, कापसाची वेचणी ऐन भरात असताना, पहाटे चार वाजता शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. गाडीत आम्ही पाच जण. आमचा फाटा नागपूर–तुळजापूर महामार्गाला मिळतो. यवतमाळकडे वळायचे तर आधी महामार्गाची एक बाजू ओलांडावी लागते आणि मग दुभाजकातल्या मोकळ्या जागेतून पलीकडच्या बाजूला शिरावे लागते. तिथे थोडा चढ आहे. ट्रकचे दिवे लांब होते. तीस वर्षांच्या सवयीने अंदाज बांधला, गाडी सरकतीच होती, दुसऱ्या गिअरमध्ये रेस दिली. पाय पार तळाला टेकला. गाडी नुसती गुरगुरली आणि जागच्या जागी रेंगाळली. मागून सासूबाई घाबरून म्हणाल्या, ‘‘भाऊ, काऊन थांबवली जी गाडी?’’ मी थांबवली नव्हती! दोन सेकंद गेले असतील. मग एकदम हिसका बसला आणि गाडी सुसाट निघाली. रुईच्या गाठी भरलेला तो ट्रक हॉर्न मारत आमच्या बाजूने निघून गेला. सूनबाईला सकाळी मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. पण ते दोन सेकंद माझ्या डोक्यातून आजही जात नाहीत.

मी नोकरीला लागलो तेव्हाच्या बसला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, नव्हता. पायाखालचे पेडल आणि डिझेलचा पंप सळईने जोडलेले असत. बस हळू निघायची, पण पाय दाबल्याबरोबर निघायची. आताच्या कारमध्ये पेडलला सळई नाही की वायर नाही. पेडलखालचा सेन्सर पाय किती दाबला एवढेच संगणकाला कळवतो आणि डिझेल किती सोडायचे ते संगणक ठरवतो. इंजिनात पुरेशी हवा नसताना डिझेल ओतले तर काळा धूर होतो, म्हणून हवा येईपर्यंत तो डिझेलला हात आखडता घेतो. आणि हवा कोंबणारा टर्बो फिरतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर. त्याचे चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, पण इंजिनच हजार-बाराशेवर असेल तर धूर कमी, म्हणून टर्बो मंद, म्हणून हवा कमी, म्हणून डिझेल कमी. माझ्या गाडीच्या माहितीपत्रकात पूर्ण जोर १५०० ते २७५० फेऱ्यांच्या दरम्यान मिळतो असे लिहिले आहे. म्हणजे १५०० च्या खाली माझ्या हातात फक्त एक लहानसे, दम नसलेले इंजिन असते. त्या पहाटे मी नेमका तिथे होतो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले, धुराचे नियम कडक झाले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. डेपोत सकाळी एका वेळी दहा बस सुरू झाल्या की काय दिसायचे आणि काय खोकावे लागायचे ते मी भोगले आहे. तक्रार वेगळी आहे. शोरूममध्ये किल्ली देताना पेढे दिले, फोटो काढला, मोबाइल गाडीला कसा जोडायचा ते अर्धा तास शिकवले. पण ‘इंजिनच्या फेऱ्यांचा काटा पंधराशेच्या खाली असेल तर गाडी लगेच उचलणार नाही, रस्ता ओलांडताना पहिला गिअर टाका’ हे वाक्य कुणी उच्चारले नाही. चाचणीही दिली ती सपाट रस्त्यावर, आम्ही दोघेच गाडीत. पाच माणसे बसवून चढावर उभी करून दाखवली असती तर मला तिथेच कळले असते.

सांगितले नाही की लोक भलते उपाय करतात. माझ्या पुतण्याने पेडलला जोडायचा एक डबा ऑनलाइन मागवला. त्याने पाय अर्धा दाबला तरी तो डबा संगणकाला ‘जास्त दाबला’ असे सांगतो. पायाला गाडी चपळ वाटते, पण टर्बोची हवा त्याच गतीने येते. मी तर त्या पहाटे पेडल पूर्णच दाबले होते. डब्याने आणखी काय दाबले असते? त्याहून वाईट म्हणजे धुराच्या नळीतली काजळी अडवणारी जाळी कापून काढणे. गाव ते तालुका एवढ्याच फेऱ्या असल्या की ती जाळी पुरेशी तापत नाही, काजळी जळत नाही, स्टिअरिंगसमोरचा इशाऱ्याचा दिवा लागतो आणि गाडी आणखी मरगळते. दिवा लागला की महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे एका लयीत गाडी पळवावी, बहुतेक वेळा काम होते. नाही झाले तर वर्कशॉप गाठावे. जाळी कापणे बेकायदा आहे आणि तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

एक मात्र नीट तपासा. मरगळ रोज वाढत असेल तर तो टर्बोचा स्वभाव नव्हे, तो बिघाड. उन्हाळ्यात मी एअर फिल्टर काढून झटकला तर काळ्या मातीची मूठभर धूळ पडली. तरी ओढ येईना. शेवटी टर्बोकडून येणारा जाड रबरी पाइप बोटांनी चाचपला. खालच्या बाजूला तेलकट ओल, त्यावर माती चिकटलेली, आणि माती पुसल्यावर नखभर चीर. रेस दिली की तिथून शिट्टी वाजायची, कोंबलेली हवा तिथूनच निसटत होती. पाइप बदलला, गाडी पूर्ववत झाली.

सुरुवातीचे ते दोन सेकंद मात्र आहेतच. आता मी दुभाजकापाशी पूर्ण थांबतो, पहिला गिअर टाकतो, क्लच धरून काटा दीड हजाराच्या वर नेतो आणि मगच गाडी सोडतो. गावातल्या नवीन गाडीवाल्या पोरांना फाट्यावर नेऊन हेच करून दाखवतो. पण मी दाखवणार किती जणांना? कार कंपन्यांनी हे मराठीत, मोठ्या अक्षरांत, किल्लीसोबत लिहून द्यावे आणि ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी भरलेली गाडी चढावर लावून एकदा तरी शिकवावे, एवढी माझी आपल्या पत्रातून विनंती आहे.

आपला वाचक,
एक निवृत्त एसटी चालक
ता. आर्णी, जि. यवतमाळ