बाय, भात सोडण्याआधी हे वाच

फोंडा,
मे महिना

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, भात बंद केला, साखर बंद केली, रोज मिरामारला चालते, तरी काटा हलत नाही. मला थायरॉइड तर नसेल?" थायरॉइड तपासून घे, शंका कशाला ठेवायची? पण तू सकाळच्या चहापासून रात्रीच्या सॅलडपर्यंत सगळं सांगितलंस, त्यात शनिवारच्या रात्रीची दारू कुठे आलीच नाही. फोनवर बोलताना तुझी आई माझ्या शेजारीच होती, म्हणून मी काही बोललो नाही. म्हणून आता सवडीने लिहितोय.

पहिली गोष्ट, मी रागावलेलो नाही. तू कमावती आहेस, जाणती आहेस. आपण गोव्यात राहतो. सत्तरीला काकांच्या बागायतीत लहानपणापासून तू काजूचे बोंडू गोळा केलेस, भट्टी लागलेली पाहिलीस. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपल्या घरी सगळ्यांना आनंद झाला होता. त्यामुळे दारूचं नाव काढलं की नाक मुरडायचं, असं मी करणार नाही. पण वजन उतरवायला घेतलं आहेस, तर हिशोब पुरा मांड. अर्धा हिशोब मांडून भाताला दोष देऊ नकोस.

मद्यार्काच्या, म्हणजे अल्कोहोलच्या, एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात. साखरेत आणि पिठात ४, तेलातुपात ९. म्हणजे दारूची जागा साखरेपेक्षा तेलाजवळ आहे. तू जिन घेतेस. आपल्याकडच्या जिनवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ६० मिलीच्या पेगात सुमारे २० ग्रॅम मद्यार्क येतो, म्हणजे १४० कॅलरी. वर टॉनिक वॉटर. ते कडवट लागतं म्हणून त्यात साखर नाही असं सगळ्यांना वाटतं, पण असते, चांगली असते. २०० मिली टॉनिकमध्ये सत्तरेक कॅलरी धर. झाल्या २१०. आता आपल्या वाटीभर उकड्या भाताच्या बघ, दोनशेच्या आसपासच. तीन ग्लास जिन म्हणजे तीन वाट्या भात, आणि तोही हुमणाशिवाय, माशाशिवाय, पोट न भरणारा. घरी आलीस की आईने वाढलेला भात तू परत टोपात टाकतेस, तिला वाईट वाटतं ते मी बघतो, आणि तोच भात शनिवारी तू पिऊन येतेस.

तुझ्या मैत्रिणी बिअर घेतात, तिचंही सांगतो. ६५० मिलीची साधी बाटली अडीचशे-पावणेतीनशे कॅलरींची, स्ट्राँग असेल तर साडेतीनशेच्या वर. व्हिस्कीत, फेणीत साखर नसते हे खरं, पण मद्यार्क असतोच, त्यामुळे ६० मिलीला १४० सुटत नाहीत. फेणी शुद्ध, घरची, पोटाला बरी, तिने वजन वाढत नाही, हे तुझे काका दर हंगामात सांगतात. काका प्रेमळ आहेत, पण यकृताला फेणी कुठल्या भट्टीची ते कळत नाही. हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिली धार, हलकी, साधारण १५ टक्क्यांच्या आसपास, म्हणून ती मोठ्या ग्लासात ओततात, वर लिम्का, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. हलकी म्हणून दोनाचे चार ग्लास होतात.

आणखी एक. घरी हाताने ओतलेला पेग ६० मिलीचा नसतो. तुझ्या फ्लॅटवर खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण असेल, त्याने एकदा नेहमीच्या ग्लासात पाणी मोजून ओत आणि तू जिथपर्यंत जिन ओततेस तिथे येईपर्यंत किती टोपणं लागतात ते बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः मोज.

कॅलरी हा या गोष्टीचा लहान भाग आहे. मोठा भाग पोटात गेल्यावर सुरू होतो. भाताची साखर शरीर साठवून ठेवू शकतं, तेलाची चरबी साठवू शकतं. मद्यार्क साठवायला शरीरात जागाच नाही, आणि तो घातक, म्हणून यकृत बाकीचं काम बाजूला ठेवून आधी त्याच्या मागे लागतं. तेवढा वेळ चरबी जाळण्याचं काम मागे पडतं. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच मद्यार्क निकालात काढू शकतं. तीन पेगांचे साठ ग्रॅम, म्हणजे आठ वाजता बसलीस तर पहाटेपर्यंत ते त्यातच गुंतलेलं. दारूची स्वतःची चरबी फारशी होत नाही, हे तुझ्या जिममधला मुलगा सांगतो ते चूक नाही. पण तिच्याबरोबर खाल्लेलं चोरिस-पाव, तळलेली कापां, मध्यरात्री गाड्यावरची गोबी मंचुरियन, ते सगळं त्या रात्री बिनबोभाट साठवलं जातं. आणि घेतल्यावर भूक वाढते, हात आखडत नाही, हे तर तूच मला सांगितलं होतंस.

रविवारी सकाळी तू काट्यावर उभी राहतेस आणि अर्धा किलो कमी दिसतं. तो आनंद धरू नकोस, बाय. दारूने लघवी जास्त होते, कारण शरीरात पाणी धरून ठेवणारं संप्रेरक ती दाबते. कमी झालं ते पाणी. मंगळवारपर्यंत ते परत येतं आणि तू घाबरून आणखी एक पोळी कमी करतेस. झोपेचंही तसंच. डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते, दुसऱ्या दिवशी व्यायामाला अंग उठत नाही आणि दिवसभर गोड खावंसं वाटतं.

माझी अख्खी नोकरी प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या हाताळण्यात गेली. सेंट्रीफ्यूज या गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून नळी काढली की खाली लाल पेशी बसलेल्या आणि वर सीरम, स्वच्छ, पिवळसर, आरपार दिसणारा. काही नळ्यांत मात्र तो वरचा भाग पातळ दुधासारखा पांढरा यायचा. मागे धरलेलं बोट दिसत नसे. ते ट्रायग्लिसराइड, रक्तातली चरबी. दर वेळी कारण दारूच असतं असं नाही, मधुमेह असतो, आनुवंशिक असतं. पण त्यातले कितीतरी जण तरुण होते, दिसायला धडधाकट, आणि विचारलं की म्हणायचे, "आम्ही रोज कुठे घेतो? फक्त वीकेंडला." ते खोटं बोलत नव्हते. यकृतावर चरबी बसायला रोजच पिणारा लागतो असं नाही, आणि ती बसताना दुखत खुपत काही नाही. म्हणून थायरॉइडबरोबर लिपिड (रक्तातल्या चरबीच्या) आणि यकृताच्या तपासण्याही करून घे. रात्रभर उपाशी राहून जा, आणि आदल्या दोन-तीन दिवसांत घेऊ नकोस, नाहीतर आकडे फसवतील.

आता जे मला झोपू देत नाही ते लिहितो. मागे एकदा तू म्हणाली होतीस, शनिवारी बाहेर जायचं असलं की दुपारी जेवत नाहीस, कॅलरी वाचवतेस. हे करू नकोस. मी विनवतो. रिकाम्या पोटी मद्यार्क भराभर रक्तात चढतो. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी, त्यामुळे त्याच मापाला तुला तुझ्या मित्रापेक्षा जास्त चढणार. त्यात उपाशी माणसाची रक्तातली साखर यकृत नवी बनवून सांभाळत असतं, आणि दारू नेमकं तेच काम अडवते. साखर घसरली की चक्कर, घाम, अडखळतं बोलणं. आजूबाजूचे म्हणतात, हिला जास्त झाली, पडू दे जरा. आणि ती खरोखर आजारी असते. वर तुझी स्कूटर. कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. दोन ग्लासांनंतर, तेही उपाशी पोटी, तू तिच्या खूप पुढे गेलेली असतेस. रात्री अकरा वाजता तू पर्वरीहून पुलावरून येतेस हे मला माहीत आहे. त्या रात्री मैत्रिणीकडे राहा, टॅक्सी कर, मला फोन कर. कितीही वाजता फोन आला तरी मी निघेन आणि तुझ्या आईला काय सांगायचं ते मी बघेन.

काय करावं? माझं मत विचारशील तर गणेश चवथीपर्यंत दारू पूर्ण बाजूला ठेव. एक घेईन, मोजून घेईन, हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण पहिल्या ग्लासानंतर मोजणारी बुद्धीच सैल होते, म्हणून अजिबात न घेणं सोपं जातं. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्टच सांगितलं आहे की दारूचं कुठलंही प्रमाण तब्येतीला सुरक्षित नाही. बायकांना थोड्या दारूनेही स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हे तुला घाबरवायला लिहीत नाही, तुला माहीत असलं पाहिजे म्हणून लिहितो.

आणि नाहीच जमलं, कुणाचं लग्न, कुणाचा वाढदिवस, तर दुपारी नीट जेवून जा. शीतकडी, मासळी, वर तवशाची कोशिंबीर. तिथे एकच घे, टॉनिकऐवजी साध्या सोड्यात लिंबू पिळून. पुढचा ग्लास नुसत्या सोड्याचा. कुणी विचारलं तर तब्येतीचं कारण सांग. पुन्हा पुन्हा आग्रह करणाऱ्याला सरळ नाही म्हण. खायला तळलेलं सोडून तिसऱ्यांचं सुकं मागव, भाजलेला बांगडा मागव.

भात मात्र परत सुरू कर, एक वाटी, दुपारचा. मी आईला सांगितलंय की तू रविवारी येतेस आणि जेवणार आहेस. ती बाजारातून इसवण (सुरमई) आणायला सांगते आहे. शनिवारीच संध्याकाळच्या कदंबाच्या बसने ये, म्हणजे सकाळी आपण दोघं बांदोड्यापर्यंत चालून येऊ. रिपोर्ट हातात आले असतील तर बरोबर आण, बसून बघू.

तुझा,
पप्पा