जमैकातील उच्चशिक्षण : जाहिरात आणि वस्तुस्थिती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की ‘कॅरिबियनमध्ये चार वर्षांत डॉक्टर व्हा’ अशा जाहिराती सर्वच वृत्तपत्रांत झळकू लागतात. माझ्या भाचीला यंदा तिथल्या एका बेटावरील खासगी महाविद्यालयाचे प्रवेशपत्र आले. पहिल्या पानावर निळा समुद्र आणि नारळाची झाडे होती. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिले होते की, पहिली दोन वर्षे बेटावर, उरलेली अमेरिकेतील रुग्णालयांत, आणि तिथे जागा मिळेलच याची हमी महाविद्यालय देत नाही. एजंटाने या ओळीबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

परतून भारतात डॉक्टरकी करायची असेल, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा लागतो, तो आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप एकाच परदेशी संस्थेत पूर्ण करावी लागते, आणि त्या पदवीवर त्या देशात व्यवसायाचा परवाना मिळू शकला पाहिजे. निम्मे शिक्षण बेटावर आणि निम्मे अमेरिकेत, हा मार्ग या अटींत बसत नाही. ज्यांना कायमचे अमेरिकेतच राहायचे आहे त्यांच्यासाठी हा मार्ग गैर नाही; ग्रेनाडात १९७६ साली स्थापन झालेल्या सेंट जॉर्जेस विद्यापीठाचे अनेक पदवीधर तिथे काम करतात. परत येऊ इच्छिणाऱ्यांनी मात्र सही करण्यापूर्वी शंभरदा विचार करावा.

मला याहून मोठी खंत वाटते ती ही की, या जाहिरातींच्या गर्दीत जमैकातील मोना येथील वेस्ट इंडीज विद्यापीठाचे नावही आपल्या पालकांच्या कानावर पडत नाही. किंग्स्टनजवळच्या जुन्या उसाच्या मळ्यांच्या जमिनीवर, दुसऱ्या महायुद्धातील जिब्राल्टरच्या निर्वासितांसाठी उभारलेल्या लाकडी बराकींत १९४८ साली वैद्यकीय शाखेच्या ३३ विद्यार्थ्यांसह ते आधी महाविद्यालय म्हणून सुरू झाले. गुलामांच्या श्रमांवर चाललेल्या त्या मळ्यांना पाणी पुरवणाऱ्या दगडी पाटाचे अवशेष आजही आवारात उभे आहेत. १९६२ मध्ये त्याचे स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे आर्थर लुईस त्याचे पहिले कुलगुरू झाले. कवी डेरेक वॉलकॉट इथेच शिकले.

या विद्यापीठातील वैद्यकीय संशोधनाचे उदाहरण द्यायचे तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे द्यावे लागेल. किंग्स्टनच्या व्हिक्टोरिया ज्युबिली रुग्णालयात १९७३ ते १९८१ या काळात एक लाख नवजात बालकांची रक्ततपासणी करून आजार असलेल्या बाळांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यात आला. प्लीहा हा पोटात डावीकडे असलेला अवयव अचानक सुजून बाळे दगावतात, हे लक्षात आल्यावर तिथल्या डॉक्टरांनी आयांनाच बाळाच्या पोटावर हात ठेवून प्लीहा चाचपायला शिकवले, आणि प्लीहा वाढलेली लागताच त्या बाळाला घेऊन धावत दवाखाना गाठू लागल्या. साध्या हाताने जीव वाचवण्याची ही विद्या जिथे घडली, तिथे शिकण्याची संधी आपल्या मुलांना माहीतच नसावी, याचे मला फार वाईट वाटते.

मोना येथील एमबीबीएस पाच वर्षांचे असून शिक्षण इंग्रजीतून होते. ते स्वस्त मात्र नाही. तिथली सरकारे खर्चाचा मोठा वाटा उचलतात तो आपापल्या विद्यार्थ्यांसाठी; बाहेरून येणाऱ्याला पूर्ण शुल्क अमेरिकी डॉलरमध्ये भरावे लागते. परदेशी विद्यार्थ्याला इंटर्नशिपची जागा मिळते का, हेही आधी लेखी विचारून घ्यावे. आणि वैद्यकीयच कशाला? सागरी जीवशास्त्राची आवड असलेल्यांसाठी उत्तर किनाऱ्यावर डिस्कव्हरी बे येथे विद्यापीठाची प्रयोगशाळा आहे, आणि १९८० च्या ॲलन चक्रीवादळाने प्रवाळांची झालेली हानी तिथल्या संशोधकांनी बारकाईने नोंदवून ठेवली आहे.

कॅरिबियन देशांतील वैद्यकीय महाविद्यालयांची तपासणी करणारी ‘कॅम-एचपी’ ही संस्था कोणत्या महाविद्यालयाला मान्यता आहे आणि कोणाची काढून घेतली, हे जाहीर करते. प्रवेशाच्या हंगामात आपल्या शैक्षणिक पुरवणीत ही यादी, तसेच आयोगाच्या वरील अटी मराठीतून छापाव्यात आणि अशा जाहिराती स्वीकारताना संबंधित महाविद्यालयाची मान्यता जाहिरातीतच नमूद करण्याचा आग्रह धरावा, अशी आपणास कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक पालक