कुठलं पाटील?

ती. काका,
सा. न.

माझ्या मेल सर्व्हरचा घोळ निस्तरायला लावलात, त्याचे तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बास की, किती ते" म्हणून जिन्याकडं वळता. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय. आता वळून दाखवा.

कोल्हापुरात राजारामपुरीतलं माझं ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक यूपीएस आणि मी. भाड्याच्या एका सर्व्हरवर अकरा गिऱ्हाइकांची डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात 'अॅट'च्या पुढं येतात ती नावं. साइट उघडतात, मेल येते-जाते, म्हणजे सगळं ठीक, असा माझा समज होता. पाडव्याचे मुहूर्ताचे सौदे झाले, गुळाचा हंगाम लागला आणि उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्या दादांचा फोन आला. "ताई, गुजरातमधनं गुळाच्या रव्यांची ऑर्डर आलीया आमच्याकडं. आम्ही बीड ओततो, गूळ न्हवं." तिकडं ज्यांची ती ऑर्डर, ते मार्केट यार्डातले गुळाचे अडते, तेही माझंच गिऱ्हाईक, चार दिवस रिकामा मेलबॉक्स बघत बसले होते.

घोळ माझाच. प्रत्येकाला 'इन्फो' नावाचा पत्ता हवा असतो आणि सर्व्हर ज्यावर चालतो त्या लिनक्सवर त्या नावाचा युजर एकच असतो. पहिलं गिऱ्हाईक फौंड्रीवाले, त्यांना 'इन्फो' मिळालं. पुढच्यांना मी 'इन्फो२', 'इन्फो३' असे युजर करून देत गेले आणि कुणाच्या डोमेनची मेल कुठल्या नंबरात टाकायची याच्या ओळी पोस्टफिक्सच्या, म्हणजे मेल पोचवणाऱ्या प्रोग्रामच्या, व्हर्च्युअल एलियसच्या फाइलमध्ये हातानं भरत गेले. अडत्यांची ओळ भरायची राहिली. डोमेन मात्र 'मायडेस्टिनेशन'मध्ये, म्हणजे सर्व्हर स्वतःची समजतो त्या डोमेनच्या यादीत, घातलेलं. तिथं घातलेल्या सगळ्या डोमेनचे युजर एकच, त्यामुळं ओळ नसली की मेल सरळ साध्या 'इन्फो'कडं, म्हणजे फौंड्रीत.

शिवाय राउंडक्यूबमध्ये, म्हणजे ब्राउझरमधून मेल बघायच्या प्रोग्राममध्ये, लोक 'इन्फो३' म्हणून लॉगिन करायचे. राउंडक्यूबनं पहिल्याच लॉगिनला त्या नावावरून पाठवणाऱ्याचा पत्ता बनवून ठेवला होता. उत्तरं जायची 'इन्फो३ अॅट' सर्व्हरच्या नावानं. मला हे दीड वर्ष कळलं नव्हतं. लिहितानाही कान गरम होतायत.

त्या संध्याकाळी तुम्ही वरच्या मजल्यावरून लाइट का चालू आहे ते बघायला आलात. मी रडकुंडीला आलेली. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीनला नाक लागेल इतकं वाकून लॉग, म्हणजे सर्व्हरनं लिहिलेल्या नोंदी, वाचलात, आणि विचारलंत, "पोरी, कोल्हापुरात कुणी नाव पाटील सांगितलं तर तू पुढं काय विचारतीस?"

"कुठलं पाटील?"

"मग तुझा सर्व्हर ते का विचारत नाही?"

माझी दीड वर्षांची चूक तुम्ही त्या एका प्रश्नात धरलीत. 'इन्फो' हे अर्धं नाव. गाव लावल्याशिवाय माणूस पुरा होत नाही, तसा डोमेन लावल्याशिवाय युजर. लॉगिन पूर्ण पत्त्यानं, मेलची पेटी प्रत्येक डोमेनच्या वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि त्या सगळ्या फोल्डरांचा मालक 'व्हीमेल' नावाचा एकच सिस्टीम युजर. नंबर लावलेली नावं बंद.

सांगितलंत एवढं, पण कीबोर्डला हात लावला नाहीत. तीन रात्री शेजारी खुर्ची टाकून बसलात आणि सगळं माझ्याकडून करून घेतलंत. आमच्या धंद्यात बहुतेक जण उलटं करतात, दहा मिनिटांत खटाखट टाइप करून निघून जातात आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यांनाच फोन लावावा लागतो.

पहिल्या रात्री डोमेन 'मायडेस्टिनेशन'मधून 'व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स'मध्ये हलवली, म्हणजे प्रत्येक डोमेनच्या पेट्या वेगळ्या धरणाऱ्या यादीत. त्यातलं एक जुन्या यादीतून काढायचं राहिलं आणि लॉगमध्ये पोस्टफिक्सची ताकीद उमटत राहिली, की हे डोमेन दोन्हीकडं ठेवू नका. तुम्हाला दिसली होती. बोलला नाहीत. वीस मिनिटांनी मला दिसली तेव्हा नुसतं "हां" म्हणालात.

दुसऱ्या रात्री जुन्या मेल कॉपी केल्या आणि फाइलींची मालकी 'व्हीमेल'च्या नावावर करायला विसरले. पेट्या रिकाम्या दिसल्या. माझ्या पोटात गोळा, आणि तुम्ही चहा मागवलात!

तिसऱ्या रात्रीचं मात्र मला स्वतःहून कधी सुचलं नसतं. राउंडक्यूब माणसाला ओळखतं ते लॉगिनच्या नावावरून. नाव बदललं की त्याच्या लेखी तो नवा माणूस, त्याचं ॲड्रेस बुक कोरं. अडत्यांचे गुजरातचे सगळे व्यापारी त्या बुकात होते. आधी डेटाबेसचा बॅकअप, मग युजरच्या टेबलात जुन्या नावाच्या जागी पूर्ण पत्ता, मग पाठवणाऱ्याचा पत्ता दुरुस्त. प्रत्येकाची एकेक ओळ, आणि प्रत्येक ओळीनंतर तुम्ही "आता बघ" म्हणायचात.

जाता जाता 'पोस्टमास्टर'चा पत्ता प्रत्येक डोमेनवर लावायला लावलात. मेलच्या देवाणघेवाणीचे नियम लिहिलेला कागद, आरएफसी ५३२१, तसं सांगतो, हे मी नंतर वाचलं. सध्या त्यावर येतो तो निव्वळ स्पॅम, पण ठेवलाय.

पैशाचं विचारलं तेव्हा जी नजर दिलीत त्यावर पुन्हा विचारायची हिंमत नाही. अडत्यांनी मात्र परस्पर निकाल लावला. परवा त्यांचा माणूस गुळाचा एक आख्खा रवा ठेवून गेला, "वरच्या काकांना द्या" म्हणून. मला तो जिन्यावरून उचलवत नाही. यूपीएसशेजारी ठेवलाय, आणि आज सकाळी टेबलाच्या पायाशी मुंग्यांची रांग दिसली. लवकर या.

तुमची,
खालच्या मजल्यावरची पोरगी