चांदोरचा जिना आणि दादाचा कागद

पुणे,
रविवार रात्र

प्रिय नंदे,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता एकदम चार पानं. शिव्या आधीच घालून घे, म्हणजे पुढचं नीट वाचशील. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तिथेच आहे, बीपीची गोळी अर्धी झाली. संपलं आरोग्य.

दादाने माहेरच्या घराच्या हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवलाय, म्हणजे माझा वाटा मी सोडायचा. व्हॉट्सॲपवर, खाली जोडलेले हात. एका मेसेजमध्ये 'सावकाश वाच, घाई नाही', लगेच दुसऱ्यात 'गुरुवारी रजिस्ट्रारकडे नंबर लावलाय'. ह्यांना दाखवलं तर म्हणणार, तुझं तू ठरव. चिरंजीव आधी बाजारभाव बघणार. उरलीस तू.

आणि तो कागद मी वाचला कुठे, तर गोव्यात चांदोरला, ब्रागांझांच्या घराच्या जिन्यात. ऑफिसच्या बायका मडगावहून समुद्रावर गेल्या; मला वाळू सोसत नाही, मी रिक्षा करून इकडे. घर कसलं, आळीच ती! दर्शनी बाजूला ओळीने चोवीस खिडक्या. आत शिरलं की मधोमध रुंद जिना, आणि वर गेलं की एका अंगाला मेनेझिस ब्रागांझा, दुसऱ्या अंगाला ब्रागांझा परेरा. घर एक, शाखा दोन, बिऱ्हाडं दोन. बघायचे पैसेही दोन्हीकडे वेगळे.

पश्चिमेकडे पुस्तकांची कपाटंच कपाटं, चिनी मातीची भांडी, सगळं पुसूनपासून. लुईस द मेनेझिस ब्रागांझा या बाजूचे. 1900 मध्ये 'ओ हेराल्दो' हे दैनिक सुरू करणाऱ्या दोघांतले एक, आणि 1930 मध्ये पोर्तुगिजांच्याच विधिमंडळात उभं राहून गोव्याला स्वयंनिर्णयाचा हक्क आहे असा ठराव मांडणारे. पूर्वेकडे नाचाचा दिवाणखाना, पोर्तुगालचा राजा दों लुईस याने दिलेल्या दोन उंच पाठीच्या खुर्च्या, आणि घरच्या चॅपेलमध्ये सेंट झेवियरचं नख. म्हणजे बंडखोर एका वाट्याला, राजाच्या खुर्च्या दुसऱ्या वाट्याला. आमच्याकडे तर पितळी घंगाळावरून काकू तीन वर्षं बोलत नव्हत्या.

तिथल्या खिडक्या तुला दाखवायला हव्या होत्या. काचेऐवजी लाकडी चौकटीत शिंपल्यांचे पातळ चौकोन बसवलेले. बाहेरचं काही दिसत नाही, पण उजेड आत येतो, निवळ ताकासारखा. एका ठिकाणी शिंपला जाऊन साधी काच आली होती, तेवढ्याच चौकोनातून ऊन सरळ फरशीवर पडलं होतं. मी तिथेच घुटमळत राहिले. दाखवणाऱ्याला वाटलं असेल, बाई दमल्या.

खरं तर माझं सगळं लक्ष त्या जिन्याकडे. खोल्या वाटल्या, कपाटं वाटली, देवसुद्धा वाटले, पण जिना मधोमध तसाच. वर जायला दोघांनाही तोच.

नंदे, मला पैसे नकोत. दादाला वाटतं मला हवेत, वहिनीला तर खात्रीच आहे. मला फक्त ओटीवरून माजघरात जाताना कुणाला विचारावं लागू नये. तुझ्या वहिनीने तुला तुझ्याच पडवीत म्हटलं होतं ना, 'या हो, चहा घेऊन जा'? तेवढं एक वाक्य मला ऐकायचं नाही.

तू सही केलीस तेव्हा एसटी स्टँडवर मी तुला गाढव म्हटलं होतं. तू 'तुझी वेळ येईल तेव्हा बघू' म्हणालीस, माझ्या डब्यातली शेवटची दोन घावनं खाल्लीस आणि गाडीत चढलीस. गाढव मी मागे घेत नाही. घावनांचाही हिशेब बाकी आहे.

पण दादाचीही बाजू आहे गं. दर मे महिन्यात कौलं तोच परततो, वानरं दर जूनमध्ये पुन्हा फोडतात. घराला पोसणारी शेतं 1957 लाच कुळांकडे गेली. बरोबर झालं ते, आबाही कुरकुरत का होईना मान्य करायचे. पण घर उरलं आणि त्याचं पोट भरणारं काही उरलं नाही. गोव्यात 1964 मध्ये कुळकायदा आला, म्हणजे तिथल्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरांचीही तीच गत असणार. आता दादाच्या डोक्यात होमस्टे शिरलाय. मग मी काय, बुकिंग करून माहेरपणाला जायचं? नाश्ता धरून?

गोव्यात अजून पोर्तुगिजांच्या 1867 च्या नागरी कायद्याची परंपरा आहे. मुलगा-मुलगी सारखे, आणि बापाच्या मनात आलं तरी निम्मी मालमत्ता पोरांच्या हक्काची राहतेच. आपल्याकडेही 2005 पासून कागदावर सारखंच की. फक्त आपल्याकडे कायदा देतो, आणि भाऊ साडीचोळी देऊन परत घेतो.

येताना रिक्षावाल्याने पडक्या देवळापाशी डोकं नसलेला नंदी दाखवला. चांदोर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंब राजांची राजधानी. नंदीचं डोकं कुणाच्या वाट्याला गेलं कोण जाणे.

तर माझ्या मनात असं आहे: घर, आंबे, सगळं दादाने घ्यावं. पण कागदात ओटी, विहीर आणि पूर्वेची खोली सामाईक वहिवाटीत लिहावी. वकील म्हणतील, असं कुणी लिहीत नाही. तुझ्या कागदाची झेरॉक्स आहे का? 'वहिवाट' हा शब्द त्यात कुठे आलाय ते मला बघायचंय. बुधवारच्या आत पाठव. आणि फोन करू नकोस, फोनवर मी रडेन आणि तू उपदेश करशील.

विलासरावांचं ऑपरेशन नीट झालं ना? मीनूला नोकरी लागल्याचं तिसऱ्याकडून कळलं, लबाड! तिला माझा आशीर्वाद. स्वयंपाकघराचं काम संपलं की अजून मिस्त्रीच राहतोय?

तुझी,
शुभा

ता. क. तुझ्यासाठी बिबिंका घेतला होता. बसमध्येच संपला. अर्धा मी खाल्ला, उरलेला ऑफिसच्या बायकांनी.