तेलाचे बिल, बॉयलर आणि एक सही

दि. १६ जानेवारी
वुस्टर, मॅसॅच्युसेट्स

प्रति,
मा. संचालक,
आमच्या भाड्याच्या घराची देखभाल पाहणारी कंपनी

विषय: तेलाच्या बॉयलरची रखडलेली सर्व्हिसिंग आणि माळ्याचे इन्सुलेशन

महोदय,
स. न. वि. वि.

ऑक्टोबरपासून तुमच्या कार्यालयाला इंग्रजीत चार मेल पाठवले. चारही वेळा एकच उत्तर आले: करारानुसार घर तापवण्याच्या तेलाचा खर्च भाडेकरूचा. आपली ओळख मंडळाच्या गणेशोत्सवातली, म्हणून आता थेट तुम्हालाच मराठीत लिहिते आहे. तेलाचे पैसे आम्ही भरायचे हे मला मान्य आहे, करारावर माझी सही आहे. पण ते तेल जाळणारा बॉयलर आणि त्याची ऊब धरून ठेवणारे घर तुमच्या ताब्यात आहे, आणि या दोन्हींकडे कित्येक वर्षे कोणी पाहिलेले नाही.

तळघरात बॉयलरला सर्व्हिसचे कार्ड लटकवलेले आहे. त्यावरची शेवटची नोंद ऑक्टोबर २०१९ ची आहे. तेलाचा बॉयलर दरवर्षी साफ करावा लागतो. नोझल आणि फिल्टर बदलायचे, आतली काजळी खरवडून काढायची, ज्वलन मोजून हवा जुळवायची. ३ जानेवारीच्या रात्री बर्नर बंद पडला आणि रीसेटचे बटण दाबूनही पेटेना. तुमचा आपत्कालीन नंबर कोणी उचलला नाही, म्हणून आम्ही पदरचे २४० डॉलर भरून तंत्रज्ञ बोलावला. त्याने नोझल बदलून बर्नर सुरू केला आणि यंत्र लावून मोजणी केली: कार्यक्षमता (तेलातली किती उष्णता कामी येते ती) ७४ टक्के, धुराड्यातल्या वायूचे तापमान ६४० अंश फॅरनहाइट. नीट साफ केला तर ८३ टक्क्यांपर्यंत जाईल, पण बॉयलर उघडायला मालकाची परवानगी लागेल, असे तो म्हणाला. याचा अर्थ आम्ही विकत घेतलेल्या दर १०० गॅलनमधले जवळपास ११ गॅलन साफसफाई न झाल्यामुळे वाया जाते.

१८ नोव्हेंबरला टाकी भरली होती. २४ डिसेंबरला पुन्हा १९५ गॅलन लागले, ७०६ डॉलर. म्हणजे रोजचे जवळपास साडेपाच गॅलन, तेही थर्मोस्टॅट दिवसा ६६ आणि रात्री ६० वर ठेवून. उन्हाळ्यातसुद्धा सुटका नव्हती. १ जून ते १५ सप्टेंबर हीटिंग पूर्ण बंद होते, तरी ८० गॅलन संपले. नळाचे गरम पाणी याच बॉयलरच्या आतल्या कॉइलमधून येते, त्यामुळे आंघोळ नसतानाही तो भर जुलैत चोवीस तास स्वतःला तापवत बसतो. पाण्यासाठी वेगळा हीटर बसवण्याबद्दल ऑगस्टमध्ये विचारले होते, त्याचे उत्तर आजतागायत नाही.

भाडेकरूला जे जमते ते सगळे आम्ही केले आहे. खिडक्यांना प्लास्टिकची फिल्म लावली, दारांखाली पट्ट्या बसवल्या, भिंतींच्या तळाशी असलेल्या बेसबोर्ड हीटरच्या पत्र्यांमधली धूळ व्हॅक्यूमने काढली, त्यांच्यापुढचा सोफा हलवला. मागच्या दाराच्या फटीला आईने नाशिकहून आणलेली गोधडी गुंडाळून लावली आहे. माळा मात्र आमच्या हातात नाही. तिथे जुने, दबलेले इन्सुलेशन (ऊब अडवणारा थर) जेमतेम तीन इंच आहे, म्हणजे फार तर आर-१०; हा आकडा जितका मोठा तितकी ऊब जास्त टिकते. आपल्या हवामानपट्ट्यात आर-६० ची शिफारस आहे. एकदा बर्फ पडल्यावर दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उभे राहून बघा. शेजारच्या छपरावर बर्फ तसाच असतो, आपल्या छपरावरचा वितळून पन्हाळीला हाताएवढे सुळे लोंबतात. ती आमच्या तेलाची ऊब आहे, आणि पाणी मुरून खराब होणार आहे ते तुमचे छप्पर.

मागची खोली तर ६२ अंशांच्या वर जातच नाही, थर्मोस्टॅट ७० वर नेऊन पाहिला तरी. आई तिथेच झोपते. तिचे वय ७१ आहे आणि ती स्वेटरवर शाल घेऊन रात्र काढते, हे मला रोज सकाळी बघावे लागते. राज्याच्या सॅनिटरी कोडप्रमाणे, म्हणजे राहत्या घरांसाठीच्या आरोग्य नियमांप्रमाणे, सकाळी ७ ते रात्री ११ राहत्या खोल्यांमध्ये ६८ अंश आणि रात्री ६४ अंश तापमान राखता आले पाहिजे, आणि इंधनाचे पैसे कोणीही भरो, हीटिंगची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणे मालकाचे काम आहे.

तुमच्या कार्यालयाने विजेचा हीटर घ्यायला सुचवले. त्याचा हिशेब करून पाहिला. ८० टक्के कार्यक्षमतेने जळलेले एक गॅलन तेल जेवढी उष्णता देते तेवढी मिळवायला सुमारे ३२ युनिट वीज लागते. आमच्या बिलात युनिटला ३१ सेंट पडतात, म्हणजे ३ डॉलर ६२ सेंटच्या उष्णतेला जवळपास १० डॉलर. शिवाय या घराची जुनी वायरिंग पाहता रात्रभर असा हीटर आईच्या उशाशी लावायची माझी हिंमत नाही.

बॉयलरची पूर्ण सर्व्हिसिंग सात दिवसांत करून मिळावी आणि तिची नोंद त्या कार्डावर व्हावी. ३ जानेवारीचे २४० डॉलर पुढच्या भाड्यातून वळते करावेत. आणि मास सेव्ह या राज्यातल्या ऊर्जाबचत योजनेच्या अर्जावर मालकाच्या वतीने सही करावी. घराची तपासणी मोफत होते, भाड्याच्या घरांच्या इन्सुलेशनचा खर्च ही योजना उचलते, फक्त मालकाच्या संमतीवाचून काम सुरू होत नाही. अर्ज मी भरून ठेवला आहे, तुमच्या सहीची जागा तेवढी रिकामी आहे. कामाच्या दिवशी रजा घेऊन मी घरी थांबेन, माळ्यावरचे सामानही आम्हीच हलवू.

२३ जानेवारीपर्यंत बॉयलरचे काम झाले नाही, तर शहराच्या आरोग्य विभागाकडे घराच्या तपासणीची मागणी करेन. तशी वेळ येऊ नये असे मनापासून वाटते, कारण घर आम्हाला आवडते आणि मुलीची शाळा जवळ आहे.

सोबत तेलाच्या दोन्ही पावत्या, तंत्रज्ञाची मोजणी, सर्व्हिस कार्डाचा फोटो आणि भरलेला अर्ज जोडला आहे.

कळावे,
आपली भाडेकरू