एंट्रॉपीचा हिशेब परिसरासकट मांडा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीची परीक्षा आणि सीईटी जवळ आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत रसायनशास्त्राच्या उजळणीची पाने येऊ लागतात. उपक्रम चांगला आहे. क्लासची फी न परवडणाऱ्या मुलांना त्याचा मोठा आधार असतो. म्हणूनच त्यातल्या ऊष्मागतिकीच्या प्रकरणाबद्दल लिहिणे भाग आहे. 'एंट्रॉपी म्हणजे अव्यवस्था' आणि 'अव्यवस्था वाढली की अभिक्रिया उत्स्फूर्त', म्हणजे आपोआप घडणारी, ही दोन वाक्ये चौकटीत टाकली की प्रकरण संपले, असा समज दिसतो. पहिले वाक्य अर्धवट आहे, दुसरे सरळ चूक आहे, आणि या दोन्हींपायी चांगल्या मुलांची गणिते बिघडतात.

गंजाचे उदाहरण घ्या. कुलाब्यापासून वर्सोव्यापर्यंत समुद्रालगतच्या कुठल्याही इमारतीच्या ग्रिलवर तो दिसतो. चार मोल (मोल हे पदार्थाच्या मात्रेचे एकक) लोखंड आणि तीन मोल ऑक्सिजन यांचे दोन मोल फेरिक ऑक्साइड होते. वायू नाहीसा होऊन घन पदार्थ उरतो, त्यामुळे प्रणालीची, म्हणजे अभिक्रियेतल्या पदार्थांची, एंट्रॉपी सुमारे ५५० ज्यूल प्रति केल्विन इतकी घटते. चौकटीतल्या नियमाप्रमाणे लोखंड गंजायलाच नको. ते गंजते, कारण याच अभिक्रियेत १,६४८ किलोज्यूल उष्णता बाहेर पडून भोवतालात जाते. तिला २९८ केल्विनने भागले की परिसराची एंट्रॉपी सुमारे ५,५३० ज्यूल प्रति केल्विनने वाढल्याचे कळते. त्यातून ५५० वजा करा. एकूण वाढ उरते ४,९८० च्या आसपास. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम या एकूण बेरजेविषयी आहे: बदल आपोआप घडायचा तर ती वाढली पाहिजे. प्रणालीचे खाते मांडायचे आणि परिसराचे पान कोरे ठेवायचे, हा जमाखर्चच नव्हे.

अमेरिकी शास्त्रज्ञ गिब्ज यांनी १८७० च्या दशकात दिलेले समीकरण हाच हिशेब एका ओळीत करते. एकूण एंट्रॉपीबदलाला उणे तापमानाने गुणले की डेल्टा जी मिळतो: डेल्टा जी = डेल्टा एच − टी डेल्टा एस. इथे डेल्टा जी हा मुक्त ऊर्जेतला बदल, डेल्टा एच म्हणजे प्रणालीने घेतलेली उष्णता (बाहेर पडली तर उणे), टी म्हणजे केल्विनमधले तापमान आणि डेल्टा एस म्हणजे प्रणालीचा एंट्रॉपीबदल. डेल्टा जी ऋण आला तर अभिक्रिया उत्स्फूर्त, धन आला तर नाही. त्यातला डेल्टा एच हा परिसराच्या एंट्रॉपीचाच वेश बदललेला वाटा आहे. ही एक पायरी फळ्यावर मांडून दाखवायला पाच मिनिटे लागतात. ती गाळली की पुढे सगळे सूत्र पाठ करण्यावर येते.

तापमानाला एवढे महत्त्व का, हे बर्फावरून चटकन कळते. एक मोल बर्फ वितळताना ६.०१ किलोज्यूल उष्णता घेतो आणि त्याची एंट्रॉपी २२.० ज्यूल प्रति केल्विनने वाढते. ससून डॉकला मासळीवर टाकलेल्या बर्फाभोवतीची हवा ३० अंश सेल्सिअस असेल, तर परिसर ६,०१० भागिले ३०३, म्हणजे १९.८ गमावतो. एकूण वाढ २.२, बर्फ वितळतो. शीतगृहात उणे १० अंशांना तीच उष्णता देताना परिसर २२.९ गमावतो, बेरीज उणे ०.९ येते आणि बर्फ टिकतो. वितळल्यावर येणारी 'अव्यवस्था' दोन्हीकडे जवळपास सारखीच, तरी उत्तर मात्र उलटे.

'अव्यवस्था' या शब्दावर विसंबणे किती धोक्याचे आहे, ते पावसाळ्यात कपाटात ठेवायच्या ओलावा शोषणाऱ्या डब्यांतल्या कॅल्शियम क्लोराइडवरून दिसते. घन पदार्थ पाण्यात विरघळला म्हणजे एंट्रॉपी वाढलीच, असे मुले डोळे मिटून लिहितात. निर्जल कॅल्शियम क्लोराइड विरघळताना प्रणालीची एंट्रॉपी मोलमागे चाळीसहून अधिक ज्यूल प्रति केल्विनने घटते, कारण दोन धनभारांचा कॅल्शियम आयन आपल्याभोवतीचे पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतो. ते विरघळते ते मोलमागे सुमारे ८१ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकून. एंट्रॉपी हे कणांमध्ये ऊर्जा किती वेगवेगळ्या प्रकारे वाटली जाऊ शकते याचे माप आहे. भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमन यांच्या व्हिएन्नातल्या समाधीवर कोरलेले सूत्र तेच सांगते. पसाऱ्याचे चित्र वायूंपुरते बरे चालते, द्रावणात दगा देते.

यापुढची चूक अधिक खोल आहे आणि ती पाठ्यपुस्तके बारकाईने वाचणाऱ्यांचीही होते: डेल्टा जी आणि प्रमाण डेल्टा जी, म्हणजे डोक्यावर छोटे शून्य असलेला, यांची गल्लत. पाण्याची वाफ होण्यासाठी मोलमागे ४४.० किलोज्यूल लागतात आणि एंट्रॉपी ११८.८ ज्यूल प्रति केल्विनने वाढते. ३० अंशांना, म्हणजे ३०३ केल्विनला, ४४.० वजा ३६.० म्हणजे अधिक ८.० किलोज्यूल. चिन्ह धन. 'अनुत्स्फूर्त' असे लिहून मोकळे व्हावे, तर मुंबईतल्या कुठल्याही चाळीच्या गॅलरीत दोरीवरचे कपडे ३० अंशांना वाळताना दिसतात. गणित चुकलेले नाही, प्रश्न वेगळा आहे. अधिक ८.० हा आकडा वाफेचा दाब १ बार असेल तेव्हाचा. गॅलरीतल्या हवेत वाफ एवढी कधीच नसते. ३० अंशांना हवा वाफेने पूर्ण भरली तरी तिचा दाब जेमतेम ०.०४२ बार होतो.

प्रत्यक्षातला डेल्टा जी काढायचा तर आर टी (वायू स्थिरांक गुणिले तापमान) गुणिले सापेक्ष आर्द्रतेचा (६० टक्के म्हणजे ०.६) नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यावा. ३०३ केल्विनला आर टी म्हणजे २.५२ किलोज्यूल. आर्द्रता ६० टक्के असेल तर डेल्टा जी उणे १.२९ येतो, ९० टक्क्यांना उणे ०.२७, ९५ टक्क्यांना उणे ०.१३. शंभर टक्क्यांना शून्य, म्हणजे समतोल: जेवढे पाणी उडते तेवढेच परत कपड्यात येते. ऐन पावसाळ्यात जाड जीन्स दोन दिवस ओली का राहते, त्याचे उत्तर या चार आकड्यांत आहे. खिडक्या लावून खोलीत कपडे वाळत घातले तर त्यांतूनच निघालेली वाफ खोलीची आर्द्रता वाढवते आणि डेल्टा जी शून्याकडे सरकतो. मग पंखा कितीही फिरवा, तो फक्त कपड्यालगतचा दमट थर हलवतो, खोलीतली वाफ बाहेर काढत नाही. एक्झॉस्ट लावला किंवा समोरासमोरच्या खिडक्या किलकिल्या ठेवल्या तर काम होते. हा प्रश्न मुंबईतल्या प्रत्येक मुलाच्या घरात आहे, आणि उजळणीच्या पानांवर मात्र तो कधी दिसत नाही याचे वाईट वाटते.

तापमान वाढवून चिन्ह पलटवण्याचे उत्तम उदाहरणही इथलेच आहे. मुंबईतल्या चुनाभट्टी भागाचे नाव ज्या भट्ट्यांवरून पडले, त्यांत कॅल्शियम कार्बोनेट तापवून कळीचा चुना करत. डेल्टा एच अधिक १७८.३ किलोज्यूल, डेल्टा एस अधिक १६०.५ ज्यूल प्रति केल्विन. २९८ केल्विनला डेल्टा जी अधिक १३०.५ किलोज्यूल येतो. इथेच सर्वाधिक गुण जातात: किलोज्यूलमधून ज्यूल तसेच वजा केले जातात, उत्तर उणे ४७,६५१ येते आणि मुले 'उत्स्फूर्त' लिहितात. ते खरे असते तर घरातल्या शहाबादी फरशीचा खोलीच्याच तापमानाला चुना झाला असता. एककांची ही चूक टाळायला एकच सवय पुरते, गणिताच्या पहिल्या ओळीत डेल्टा एसला १,००० ने भागून ठेवायचे.

डेल्टा जी शून्य होण्याचे तापमान १७८.३ भागिले ०.१६०५, म्हणजे सुमारे १,१११ केल्विन, अर्थात ८३८ अंश सेल्सिअस. प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइडचा दाब १ बार असताना हे तापमान ८९०-९०० अंशांच्या आसपास मिळते. फरक पडतो कारण २५ अंशांना मोजलेली डेल्टा एच आणि डेल्टा एसची मूल्ये आपण थेट आठ-नऊशे अंशांपर्यंत स्थिर धरली. उत्तराखाली हे गृहीतक लिहायला हवे. भट्टीला हवेचा झोत चांगला लागतो तोही याच हिशेबामुळे: वायू निघून गेला की त्याचा दाब घटतो आणि कमी तापमानालाही विघटन पुढे सरकते. वायू कोंडला किंवा दगड फार मोठे घातले तर गाभा कच्चा राहतो. उलट भट्टी गरजेपेक्षा फार तापवली तर चुना घट्ट भाजला जातो आणि पाणी टाकल्यावर लवकर फुटत नाही.

अमोनियाचे उलट आहे. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून दोन मोल अमोनिया होताना डेल्टा एच उणे ९२.२ किलोज्यूल आणि डेल्टा एस उणे १९८.८ ज्यूल प्रति केल्विन, त्यामुळे सुमारे १९० अंशांपुढे प्रमाण डेल्टा जी धन होतो. तरीही कारखान्यात ४०० अंशांच्या वर जावे लागते, कारण त्याखाली लोहाचा उत्प्रेरकही पुरेसा वेग देत नाही. मग शंभराहून अधिक बार दाब लावतात, तयार झालेला अमोनिया थंड करून काढून घेतात आणि उरलेले वायू पुन्हा फिरवतात.

वेगाचा मुद्दा निघालाच आहे तर तो निक्षून सांगायला हवा. डेल्टा जी ऋण असणे याचा वेगाशी काहीही संबंध नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरेबाजारातला प्रत्येक हिरा ग्रॅफाइटपेक्षा मोलमागे २.९ किलोज्यूलने अस्थिर आहे आणि तरी तो हिराच राहतो, कारण कार्बनचे बंध तोडायला लागणारी सक्रियण ऊर्जा प्रचंड आहे. नळाच्या गॅसमधला मिथेन जळण्याचा डेल्टा जी (पाणी द्रव धरून) मोलमागे उणे ८१८ किलोज्यूल, पण ठिणगीशिवाय तो हवेत नुसता मिसळतो आणि साचत राहतो.

वर्गात करून दाखवायला नवसागर (अमोनियम क्लोराइड) सर्वांत सोयीचा. बाजारातले खडे खलबत्त्यात बारीक कुटून २० ग्रॅम मोजा. एकात एक घातलेल्या दोन कागदी पेल्यांत १०० मिलिलिटर पाणी घ्या. काचेचे चंचुपात्र नको, ते स्वतःच उष्णता देत राहते. तापमान नोंदवा, पूड एकदम टाका, काचेच्या कांडीने ढवळा. तापमापीने ढवळू नये, फुगा फुटतो. मिनिटभरात पारा दहा-बारा अंश उतरतो. पेल्याबाहेर थेंब दिसले तर ती गळती नव्हे, मुंबईच्या हवेतली वाफ आहे. मग मोलमागे हिशेब मांडा: प्रणाली अधिक ७५, परिसर १४,८०० भागिले २९८ म्हणजे उणे ५०, एकूण अधिक २५ ज्यूल प्रति केल्विन. उष्माग्राही, म्हणजे उष्णता शोषणारी, असूनही उत्स्फूर्त. हे द्रावण चुन्यात किंवा सोड्यात मिसळू देऊ नये, अमोनिया सुटतो.

आपल्या पुरवणीसाठी विनंती एवढीच, की सोडवलेल्या प्रत्येक उदाहरणात परिसराच्या एंट्रॉपीची एक ओळ छापावी, डेल्टा जीच्या डोक्यावरचे शून्य मुद्रणात गळू देऊ नये, आणि पदार्थ द्रव की वायू हे कंसात द्यावे. मिथेनच्या ज्वलनात पाणी द्रव धरले तर डेल्टा एस उणे २४३ ज्यूल प्रति केल्विन येतो, वाफ धरली तर उणे ५. गॅसच्या शेगडीवर पाणी वाफेच्याच रूपात निघते, म्हणून तिथे दुसरा आकडा वापरायचा.

आपले,
रसायनशास्त्राचे काही शिक्षक, दादर, मुंबई