नो रिप्लाय

चि. मन्यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर सगळं बोलून झालं असं तुला वाटलं असेल. माझं झालेलं नाही. ताप उतरलाय, मऊ भात खाल्लास, नांदेडचा तो मुलगा रात्री तुझ्याच खोलीत झोपला, एवढं ऐकून फोन ठेवला आणि देवापाशी जाऊन बसले. रागवायचं नाही असं ठरवून आज लिहायला घेतलंय. बाबांच्या ईमेलवरून पाठवेन.

गुरुवारी रात्री तुझ्या व्हॉट्सॲपवर एकच टिक. शुक्रवारी एकच टिक. शनिवारी दुपारी त्या मुलाचा फोन आला तेव्हा कळलं, तू १०३ तापात पडून होतास आणि तुझा २८ दिवसांचा पॅक संपून नेट बंद पडलं होतं. त्या दोन दिवसांत बाबांनी तुझ्या जर्मनीतल्या नंबरवर किती वेळा फोन लावला असेल! लागणार कसा? तू नंबर तिथल्या पद्धतीने ०१७६ पासून लिहून दिलेलास, बाबा ४९ च्या पुढे तो शून्यही दाबत राहिले. देशाचा कोड लावला की पुढचा शून्य गाळायचा, हे मी टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीभर लोकांना सांगत आले. आणि माझ्याच घरात, माझ्या शेजारी बसून हे शून्य दाबतायत आणि मी एकदाही स्क्रीनकडे बघितलं नाही. ते मला फार लागलंय, मन्या. शून्य गाळला असता तर तुझ्या उशाशी रिंग वाजली असती. पैसे संपले तरी बाहेरून आलेला फोन वाजतो.

एकच विचारते. एकटा असताना काही झालं तर कुठला नंबर फिरवायचा, हे तोंडपाठ आहे ना?

११२. रुग्णवाहिका आणि आगीचा बंब, दोन्हीला हाच. पोलिसांचा ११०. ११२ ला पैसे लागत नाहीत, पॅक संपलेला असला तरी लागतो. पण फोनात चालू सिम हवं. बिनसिमच्या फोनवरून जर्मनीत २००९ पासून ११२ लागत नाही, हे मी वाचून खात्री करून घेतली. म्हणजे सिम बदलायचं म्हणून काढून टेबलावर ठेवलंस आणि तसाच झोपलास, असं करायचं नाही. आणि रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशी दवाखाने बंद असताना जिवावरचं नसलेलं दुखणं असेल तर ११६११७. तिथून ड्युटीवरच्या डॉक्टरांची सोय होते. शुक्रवारी रात्री तू तो फिरवायला हवा होतास. कपाटाच्या दारावर कागद चिकटव. मोठ्या अक्षरात.

बघ, शिकवायला लागलेच. माफ कर. तू पंचवीस वर्षांचा आहेस आणि पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरून, व्हिडिओवर परक्या भाषेत उत्तरं देऊन स्वतःचं सिम चालू करून घेतलंस, हे मी साताऱ्याच्या मावशीला तीनदा सांगितलंय. तिकडे फोन उचलल्यावर लोक आधी स्वतःचं आडनाव सांगतात, ठेवताना ‘पुन्हा भेटू’ऐवजी ‘पुन्हा ऐकू’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात, हे तू सांगितलंस ते मला फार आवडलं. सगळ्यात आवडलं ते त्यांचं ‘त्स्वो’. त्यांचे दोन आणि तीन, ‘त्स्वाय’ आणि ‘द्राय’, फोनवर सारखे ऐकू येतात म्हणून ‘त्स्वाय’चं ‘त्स्वो’ करायचं. हे कानाला हेडफोन लावून बसणाऱ्या माणसालाच सुचलेलं असणार. आणि चोपन्नला ते चार-आणि-पन्नास म्हणतात, तर बिचकू नकोस. आपलं चोपन्न तरी काय आहे? आधी चार, मग पन्नास. कुणी जोडीजोडीने नंबर सांगितला की मराठीत ऐक आणि एकेक आकडा परत म्हणून दाखव. आम्ही तेच करायचो.

१९८६ ला मी बोर्डावर बसले तेव्हा एकवीस वर्षांची होते. समोर दिवे, हातात कॉर्ड. ट्रंक कॉल तीन प्रकारचे: ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग. अर्जंटला दुप्पट पैसे, लायटनिंगला आठपट, आणि लायटनिंग बुक झाला की आम्हाला कळायचंच की कुणाच्या तरी घरी काहीतरी झालंय. एक बाई गिरणीतल्या मुलाला मुंबईला फोन लावायला यायच्या, चाळीतल्या दुकानाचा नंबर. एकदा रिंग जात राहिली, कुणी उचलेना. मी म्हटलं, “नो रिप्लाय आहे मावशी, नंतर बुक करा,” कॉर्ड काढली आणि पुढचा दिवा घेतला. त्या पलीकडून म्हणाल्या, “अजून थोडी वाजू द्या की.” एवढंच. मी वाजू दिली नाही, लाइन अडवून ठेवता येत नसे. चाळीस वर्षांत मला ती बाई कधी आठवली नव्हती. शुक्रवारी रात्री आठवली.

म्हणून म्हणते, पॅक संपायच्या दोन दिवस आधी भरत जा. बाबा म्हणतात सरळ करारातलं कनेक्शन घे. मला ते पटत नाही, पहिला करार बहुतेक २४ महिन्यांचा असतो आणि तुझं शिक्षण कुठल्या गावी संपेल ते अजून ठरायचंय. घेतलासच तर मुदत वाचून सही कर. आणि इकडचं सिम ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नकोस, कर्जाचे ओटीपी त्यावरच येतात. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर जाऊ शकतो. महिन्यातून एकदा त्यावरून मला एसएमएस कर. नुसता ‘बरा आहे’ लिहिलास तरी चालेल.

पण ११२ चं लक्षात ठेव. परत सांगतेय, माहीत आहे मला.

त्या नांदेडच्या मुलाचा नंबर मला हवा, त्याच्या आईचाही. मी त्यांच्याशी बोलते. त्याला भाजणी आवडत असेल तर पुढच्या पार्सलमध्ये दोन किलो घालते, मेतकूट तुझ्यासाठी वेगळं.

तुझा नंबर बाबांनी शून्य गाळून कॅलेंडरच्या मागे लिहिलाय आणि मी तपासलाय. तिकडची घड्याळं मागे गेल्यापासून साडेचार तासांचा फरक आहे, त्यामुळे रविवारी आमचे रात्रीचे साडेनऊ, तुमचे संध्याकाळचे पाच. व्हॉट्सॲपवर नाही, साध्या फोनवर लावणार आहे. तू बाहेर असलास, हात ओले असले तरी घाई करू नकोस. मी वाजू देईन.

तुझी
आई